लघवीचा त्रास असलेल्या मांजरासाठी परवडणारा आहार कसा निवडावा

मांजराला लघवीचा त्रास आहे हे कळले की घरात दोन काळज्या एकदमच शिरतात. एक त्या मुक्या जिवाच्या वेदनेची असते. दुसरी खर्चाची असते, आणि ती बोलून दाखवायला माणूस संकोचतो. पशुवैद्य एका खास खाद्याचे नाव लिहून देतात, दुकानात त्याची किंमत नेहमीच्या खाद्याच्या कितीतरी पट निघते, आणि हे खाद्य आता आयुष्यभर पुरवावे लागणार असे समजून माणूस हबकतो. काही जण पहिली पिशवी संपल्यावर गुपचूप जुन्या खाद्यावर परत जातात. काही जण इतर गरजांना कात्री लावून तेच खाद्य आणत राहतात, पण आपल्या मांजराला ते खरोखर लागते आहे का, हे कधी विचारत नाहीत. दोन्हींत नुकसान आहे. हाताशी पैसे मोजके असतील तर ते कोणत्या क्रमाने खर्च करावेत हे ठरवता येते, आणि माझ्या मते तो क्रम आधी निदान, मग पाणी आणि त्यानंतर खाद्याचे नाव असा असावा.

काटकसरीचा प्रश्न जिथे येत नाही

बोका पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, आणि तरीही लघवी थेंबभरच होते किंवा होतच नाही, असे दिसले तर ती आहाराचा विचार करण्याची वेळ नव्हे. बोक्याचा मूत्रमार्ग मादीच्या मानाने लांब आणि अरुंद असतो. त्यात बारीक खडा किंवा स्फटिक, श्लेष्मा आणि पेशी यांचा मिळून झालेला बोळा अडकला की लघवी पूर्ण तुंबते, रक्तातील पोटॅशियम चढत जाते, मूत्रपिंडांचे काम थांबू लागते आणि एक ते तीन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. कुंथणारे मांजर पाहून पुष्कळ लोकांना बद्धकोष्ठ झाल्यासारखे वाटते आणि त्यात मोलाचे तास निघून जातात. अशा वेळी त्याच दिवशी, मग रात्र का असेना, पशुवैद्याकडे जावे. उलट्या, सुस्ती किंवा हात लावताच दुखणारे घट्ट पोट असेल तर तासाभराचाही उशीर करू नये. यापुढचे सारे विवेचन लघवी होत असलेल्या, म्हणजे तुंबण्याचा धोका टळलेल्या मांजरासाठी आहे.

त्रास एक दिसतो, आजार वेगवेगळे असतात

लघवीत रक्त, वारंवार जाणे, बाहेर कुठेतरी लघवी करणे आणि मूत्रद्वार सतत चाटणे ही लक्षणे चार-पाच निरनिराळ्या आजारांत सारखीच दिसतात, पण त्यांचा आहार सारखा नसतो. लक्षणे पाहून खाद्य विकत घेणे महागात पडते ते याचमुळे.

दहा वर्षांखालच्या मांजरांत सर्वांत जास्त आढळतो तो मूत्राशयाचा असा दाह, ज्याचे निश्चित कारण तपासणीत सापडत नाही. अशा त्रासाच्या निम्म्याहून अधिक मांजरांना हाच असतो. त्यात जंतू नसतात आणि बहुधा खडेही नसतात. मानसिक ताण, घरातला बदल, कमी पाणी आणि लठ्ठपणा यांच्याशी त्याचा संबंध आहे. खडे असलेली मांजरे त्या मानाने कमी असतात, आणि त्यांच्यात मुख्य प्रकार दोन. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांपासून झालेला खडा स्ट्रुव्हाइट म्हणून ओळखला जातो, आणि तो योग्य आहाराने विरघळतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा मात्र कोणत्याही आहाराने विरघळत नाही. तो काढावा लागतो आणि आहाराचे काम पुन्हा होऊ न देण्यापुरते उरते. जंतुसंसर्ग तरुण मांजरांत विरळा असतो. म्हातारपणी, मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात तो अधिक दिसतो, आणि त्याचा इलाज लघवीची कल्चर तपासणी, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करून दिलेले प्रतिजैविक हा आहे.

स्ट्रुव्हाइट आणि ऑक्झलेट यांची गोष्ट खाद्य निवडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. 1980 च्या दशकात मांजरांच्या खड्यांत स्ट्रुव्हाइटचे प्रमाण फार मोठे होते, म्हणून खाद्य बनवणाऱ्यांनी मॅग्नेशियम कमी केले आणि लघवी अधिक आम्ल होईल असे घटक वापरले. स्ट्रुव्हाइट खरोखरच घटले, पण पुढच्या काळात ऑक्झलेटचे खडे वाढले. 1981 पासून अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्रात जगभरातून येणाऱ्या खड्यांचे पृथक्करण होत आहे, आणि तिथल्या नोंदींत हा पालट स्पष्ट दिसतो. लघवी जितकी आम्ल तितके चांगले, ही समजूत म्हणूनच खरी नाही. एका खड्यापासून वाचवणारा आहार मर्यादेबाहेर गेला तर दुसऱ्या खड्याला वाट करून देतो.

त्यामुळे खर्चाला मर्यादा असेल तर पहिला पैसा लघवीची तपासणी आणि पोटाचा एक्स-रे यांवर खर्च करावा. स्ट्रुव्हाइट आणि ऑक्झलेट हे दोन्ही खडे एक्स-रेत सहसा दिसतात, म्हणजे खडा आहे की नाही हा मूळ प्रश्न तिथेच सुटतो. लघवीचा नमुना ताजा असावा, शक्यतो अर्ध्या-एक तासात तपासलेला, कारण नमुना पडून राहिला की त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, बदलतो आणि फ्रिजमध्ये ठेवला तर मुळात नसलेले स्फटिकही त्यात तयार होऊ शकतात. केवळ स्फटिक दिसले म्हणून आयुष्यभराचा महागडा आहार सुरू करण्याची घाई करू नये, कारण निरोगी मांजराच्या दाट लघवीतही स्फटिक आढळतात. कधी खडा काढला गेला किंवा बाहेर पडला तर तो टाकून न देता पृथक्करणाला पाठवण्याचा आग्रह धरावा.

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. कारण न सापडणाऱ्या दाहाचा झटका बहुतेक मांजरांत काहीही केले नाही तरी साधारण आठवडाभरात ओसरतो. त्या आठवड्यात घरच्यांनी जे काही केलेले असते, मग ते नवे खाद्य असो, एखादी पावडर असो की कुणी सांगितलेला काढा, त्याला गुण आल्याचे श्रेय मिळते. म्हणून 'आमच्या मांजराला याने बरे वाटले' या सल्ल्यावर पैसे घालवण्यापूर्वी त्या मांजराचे निदान काय होते हे विचारावे.

पाणी हेच सर्वांत स्वस्त औषध

निदान कोणतेही असो, एक गोष्ट जवळजवळ सर्वांना लागू पडते. लघवी पातळ झाली की खडे बनवणारे क्षार तिच्यात विरळ होतात, मूत्राशय अधिक वेळा रिकामे होते आणि दाह निर्माण करणारे घटक आतल्या अस्तराला कमी वेळ टेकून राहतात. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशात राहणारे आणि शिकारीच्या मांसातून बरेचसे पाणी मिळवणारे प्राणी होते, म्हणून मांजराची तहान मंद असते. कोरडे खाद्य खाणारे मांजर भांड्यातले पाणी जास्त पिते हे खरे, पण ओले खाद्य खाणाऱ्या मांजराच्या पोटात एकूण जितके पाणी जाते तितके ते सहसा भरून काढत नाही.

1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात, कारण न सापडणाऱ्या दाहाच्या मांजरांपैकी काहींना लघवी आम्ल करणारा आहार डबाबंद ओल्या रूपात आणि काहींना कोरड्या रूपात दिला गेला. वर्षभरात ओले खाणाऱ्यांपैकी 11 टक्के मांजरांना त्रास पुन्हा झाला, तर कोरडे खाणाऱ्यांपैकी 39 टक्के मांजरांना. मांजरांची संख्या कमी होती, त्यामुळे हे आकडे तंतोतंत धरू नयेत, पण त्यांची दिशा आजही पशुवैद्यांच्या अनुभवाशी जुळते.

ओले खाद्य महाग असते, आणि पुष्कळ लोक इथेच हात टेकतात. प्रत्यक्षात हिशेब करून पाहिला तर मधला मार्ग सापडतो. चार किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला सुमारे 200 ते 240 किलोकॅलरी ऊर्जा लागते आणि खाण्यापिण्यातून मिळून साधारण 200 ते 240 मिलीलीटर पाणी लागते. कोरड्या खाद्यात पाणी 8 टक्क्यांच्या आसपास, तर ओल्यात 78 टक्क्यांच्या आसपास असते. हे मांजर फक्त कोरडे खात असेल तर 67 ग्रॅम खाद्यातून त्याला जेमतेम 5 मिलीलीटर पाणी मिळते. फक्त ओले खात असेल तर सुमारे 260 ग्रॅम खाद्यातून 200 मिलीलीटर मिळते. आता निम्मी ऊर्जा ओल्यातून आणि निम्मी कोरड्यातून द्यायची ठरवली, म्हणजे 130 ग्रॅम ओले आणि 33 ग्रॅम कोरडे, तर पाणी सुमारे 104 मिलीलीटर होते. त्यात दिवसाच्या तीन खाण्यांत प्रत्येकी दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे 30 मिलीलीटर पाणी कालवले तर एकूण आकडा 195 च्या घरात जातो. ओल्या खाद्याचा खर्च निम्म्यावर आला आणि पाणी जवळपास तेवढेच राहिले. ज्यांना सगळा आहार ओला देणे परवडत नाही त्यांनी हाच मार्ग धरावा असे मी आग्रहाने सांगेन.

तेही परवडत नसेल तर कोरडे खाद्य भिजवून द्यावे. सुरुवातीला एक चमचा पाणी, मग काही दिवसांनी दोन, असे वाढवत नेले तर बरीच मांजरे लगद्यासारखे खाद्य स्वीकारतात. कोमट पाण्याने वास सुटतो आणि ते आवडीने खाल्ले जाते. भिजवलेले खाद्य दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर राहू देऊ नये. मीठ, कांदा, लसूण आणि मसाला न घालता मांस उकडले असेल तर ते पाणी खाद्यावर ओतायला चालते, पण तयार मिळणाऱ्या सूपच्या वड्यांत मीठ आणि कांदा असतो, म्हणून त्या वर्ज्य. पाण्याची भांडी एकापेक्षा जास्त, रुंद तोंडाची, खाण्यापासून आणि लिटर बॉक्सपासून दूर ठेवावीत. वाहत्या पाण्याची कारंजी काही मांजरांना आवडतात, काहींना नाही. ती विकत घेण्याआधी तेच पैसे ओल्या खाद्यावर खर्च केलेले बरे.

किंमत किलोवर नव्हे, कॅलरीवर मोजावी

दुकानात पिशवी आणि डबा शेजारी ठेवून किलोमागची किंमत पाहणे फसवे असते, कारण एकात 8 टक्के पाणी असते आणि दुसऱ्यात 78 टक्के. मांजराचे पोट ऊर्जेने भरते, म्हणून तुलना 100 किलोकॅलरीच्या किमतीची करावी. वेष्टनावर ऊर्जा छापलेली असेल तर काम सोपे आहे. नसेल तर ती काढता येते. प्रथिने, स्निग्ध पदार्थ, तंतू, राख (म्हणजे खनिजे) आणि पाणी यांच्या टक्केवारीची बेरीज 100 मधून वजा केली की उरते ते साधारण कर्बोदकांचे प्रमाण. मग प्रथिनांच्या आणि कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅमला 3.5 आणि स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅमला 8.5 किलोकॅलरी धरावी. उदाहरणार्थ, एका कोरड्या खाद्यात प्रथिने 32, स्निग्ध 14, तंतू 3, राख 7 आणि पाणी 8 टक्के असेल तर कर्बोदके 36 टक्के येतात आणि 100 ग्रॅममागे ऊर्जा 357 किलोकॅलरी होते. ओल्या खाद्यात प्रथिने 10, स्निग्ध 5, तंतू 1, राख 2 आणि पाणी 78 टक्के असेल तर कर्बोदके 4 टक्के आणि ऊर्जा सुमारे 92 किलोकॅलरी येते. म्हणजे 100 किलोकॅलरीसाठी कोरडे 28 ग्रॅम पुरते आणि ओले 109 ग्रॅम लागते. दोन्हींची किलोमागची किंमत सारखी असली तरी ओल्याचा रोजचा खर्च जवळजवळ चौपट असतो. याउलट दोन कोरड्या खाद्यांत महाग दिसणारे खाद्य अधिक ऊर्जादायी असल्यामुळे प्रत्यक्षात स्वस्त पडते असेही होते.

पोषक घटकांची तुलनाही पाणी वजा करूनच करावी. एखाद्या डब्यावर मॅग्नेशियम 0.02 टक्के आणि पिशवीवर 0.09 टक्के लिहिलेले पाहून डबाच बरा असे वाटते. पण डब्यातील कोरडा भाग 22 टक्केच आहे, म्हणून 0.02 ला 0.22 ने भागले की 0.09 टक्के येते. पिशवीचे 0.09 ला 0.92 ने भागले की सुमारे 0.1 टक्के येते. दोघांत फारसा फरक उरला नाही.

वेष्टनावर सर्वांत आधी शोधावे ते हे वाक्य, की हे खाद्य प्रौढ मांजरासाठी संपूर्ण आणि संतुलित आहे. अमेरिकेत आफको आणि युरोपात फेडियाफ यांनी ठरवलेल्या पोषणमानांचा उल्लेख तिथे असतो. 'पूरक खाद्य' असे लिहिलेले असेल तर ते कितीही स्वस्त किंवा आवडते असले तरी मुख्य आहार होऊ शकत नाही. ओल्या खाद्याच्या पाऊचमध्ये अशी पूरक खाद्ये पुष्कळ असतात आणि ती चटकन ओळखू येत नाहीत. 'कमी राख' या शब्दांवर मात्र पैसे खर्च करू नयेत. राख म्हणजे सर्व खनिजांची मिळून बेरीज, आणि तीवरून मॅग्नेशियम किंवा फॉस्फरस किती आहे ते कळत नाही. धान्यविरहित असण्याचाही लघवीच्या त्रासाशी संबंध दाखवता आलेला नाही.

औषधी खाद्य केव्हा घ्यावेच

स्ट्रुव्हाइटचा खडा असेल आणि पशुवैद्यांनी तो विरघळवण्याचे ठरवले असेल तर तिथे हात आखडता घेऊ नये. त्या खाद्यात मॅग्नेशियम आणि फॉस्फरस मोजून कमी केलेले असतात आणि लघवीचा पीएच साधारण 6.0 ते 6.4 च्या दरम्यान राहील अशी त्याची रचना असते. बहुतेक खडे दोन ते पाच आठवड्यांत विरघळतात. शस्त्रक्रियेचा खर्च आणि वेदना यांच्यापुढे महिन्या-दीड महिन्याचे महागडे खाद्य स्वस्तच पडते. मात्र या काळात मांजराच्या तोंडात दुसरे काहीही जाता कामा नये. एखादा खाऊ, दुसऱ्या मांजराच्या ताटलीतले दोन घास, जेवणाच्या पानावरचा तुकडा, एवढ्यानेही पीएच हलतो आणि खडा तसाच राहतो. घरात अनेक मांजरे असतील तर या मांजराला वेगळ्या खोलीत, ठरलेल्या वेळी खायला द्यावे. बोक्याच्या बाबतीत विरघळत असलेला लहान खडा मूत्रमार्गात उतरून अडकू शकतो, म्हणून या आठवड्यांत त्याच्या लघवीवर विशेष लक्ष ठेवावे. लघवी आम्ल करणारे औषध किंवा पावडर अशा खाद्याच्या जोडीला देऊ नये. पिल्ले, गाभण मांजरी आणि मूत्रपिंड निकामी होत असलेली मांजरे यांना हे खाद्य पशुवैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये. काही मूत्रविकार-खाद्यांत मांजराने जास्त पाणी प्यावे म्हणून मीठ वाढवलेले असते, आणि हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याच्या बाबतीत ही गोष्ट आधी विचारून घ्यावी.

खडा गेल्याचे एक्स-रेत दिसले की पशुवैद्यांना स्पष्ट प्रश्न करावा, की आता हेच खाद्य हवे की यापेक्षा स्वस्त, देखभालीचे खाद्य पुरेल. हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. आपल्याला महिन्याला किती खर्च झेपतो हे आकड्यात सांगितले तर चांगला पशुवैद्य त्या आकड्यात बसणारी योजना आखतो. न सांगितले तर तो सर्वोत्तम वाटणारे खाद्य लिहून देतो आणि ते मध्येच बंद पडते. त्याच कामाची खाद्ये एकाहून अधिक कंपन्या बनवतात, म्हणून पर्यायांची नावे मागून घ्यावीत. सर्वसाधारण दुकानात 'युरिनरी' असे छापून मिळणारे खाद्य आणि पशुवैद्यांनी लिहून दिलेले औषधी खाद्य एकच नव्हे. पहिले प्रतिबंधासाठी उपयोगी पडू शकते, पण खडा विरघळवण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये. असे खाद्य घेण्याआधी कंपनीला लिहून विचारावे की 100 किलोकॅलरीमागे मॅग्नेशियम, फॉस्फरस, कॅल्शियम आणि सोडियम किती आहे, आणि ते खाणाऱ्या मांजरांच्या लघवीचा पीएच मोजलेला आहे का. उत्तर देण्याची टाळाटाळ झाली तर मी ते खाद्य घेणार नाही.

ऑक्झलेटचा खडा काढलेल्या मांजराला लघवी तीव्र आम्ल करणारे खाद्य देऊ नये. त्याला पाणी भरपूर हवे, आणि लघवीची घनता (पाण्याची 1 धरून) तपासणीत 1.030 च्या खाली राहील असा प्रयत्न हवा. क जीवनसत्त्व आणि ड जीवनसत्त्व यांच्या वरकड गोळ्या त्याला नकोत. रक्तातील कॅल्शियम एकदा तपासून घ्यावे, कारण ते वाढलेले असेल तर मूळ रोग वेगळाच असतो. या मांजरांसाठीही खास खाद्ये आहेत. पण ती झेपत नसतील तर संपूर्ण आणि संतुलित असे साधे ओले खाद्य, वर पाणी घालून, नियमाने देणे हा पशुवैद्यांशी बोलून स्वीकारण्याजोगा पर्याय आहे. कारण न सापडणाऱ्या दाहाच्या मांजराबद्दलही मला असेच वाटते. त्याला खाद्याच्या महागड्या नावापेक्षा ओलावा, एकच खाद्य सातत्याने मिळणे आणि शांत घर यांची गरज अधिक असते. मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त लिटर बॉक्स, रोजची सफाई, उंचावर बसायला जागा, लपायला खोके आणि दिवसातून दोनदा खेळ यांना फारसा खर्च येत नाही, आणि झटके कमी करण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

बचत दिसते पण होत नाही अशा गोष्टी

कुत्र्याचे खाद्य स्वस्त पडते म्हणून मांजराला देऊ नये. मांजराला टॉरिन हे अमिनो आम्ल आहारातूनच मिळावे लागते, आणि अ जीवनसत्त्वही तयार रूपातच लागते, कारण वनस्पतींतील कॅरोटीनपासून ते बनवण्याची क्षमता त्याच्या शरीरात नाही. टॉरिनच्या अभावामुळे हृदय विस्फारून दुबळे होते हे 1987 साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, आणि ती मांजरे त्या काळी बाजारात मिळणारी तयार खाद्येच खात होती. त्यानंतर मांजरांच्या खाद्यांत टॉरिन वाढवले गेले.

घरी शिजवून देणे स्वस्त पडेल असे अनेकांना वाटते. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस फार जास्त असतो. रोज कलेजी दिली तर अ जीवनसत्त्वाची विषबाधा होते, आणि काही जातींच्या कच्च्या माशांतील एन्झाइम ब1 जीवनसत्त्व नष्ट करते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2019 मध्ये पुस्तकांतील आणि संकेतस्थळांवरील घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा ज्यांचे पोषणमूल्य मोजता आले त्यांपैकी एकही पाककृती मांजराच्या सर्व गरजा भागवणारी निघाली नाही. पशुपोषणतज्ज्ञाने त्या मांजरासाठी लिहून दिलेली आणि ठरलेली पूरके घातलेली पाककृतीच करावी, आणि ती पूरके धरली तर घरचे खाद्य फारसे स्वस्त राहत नाही. क्रॅनबेरीच्या गोळ्या, व्हिनेगर आणि माणसाला उन्हाळी लागल्यावर करतात ते उपाय यांवरही पैसे घालवू नयेत. मांजराच्या या आजारांत त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि मांजराने व्हिनेगरच्या वासाने जेवणच सोडले तर नवे संकट उभे राहते.

खरी बचत साध्या गोष्टींत आहे. मोठा डबा लहान पाऊचपेक्षा प्रति कॅलरी सहसा स्वस्त पडतो. उघडल्यावर तो झाकून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो, आणि उरलेले एकेका वेळेचे भाग करून गोठवता येते. कोरड्या खाद्याची पिशवी मात्र महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढीच घ्यावी, नाहीतर स्निग्धांश खवट होतो. मांजर लठ्ठ असेल तर खाद्य मोजून द्यायला लागताच त्याचा त्रासही घटतो आणि खर्चही. मात्र वजन आठवड्याला एकूण वजनाच्या 1 टक्क्याच्या आसपासच उतरावे. वाटीच्या अंदाजाऐवजी स्वयंपाकघरातील वजनकाटा वापरावा. 33 ग्रॅम आणि 45 ग्रॅम कोरडे खाद्य डोळ्यांना सारखेच दिसते, आणि तो फरक रोजच्या 40 किलोकॅलरींचा असतो.

बदल आणि त्यानंतरची नोंद

नवे खाद्य सात ते दहा दिवसांत, थोडे थोडे मिसळत आणावे. मांजर हट्टी असेल तर तीन आठवडेही लागतात. 'भूक लागली की आपोआप खाईल' हा विचार मांजराच्या बाबतीत घातक आहे. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. त्याने एक पूर्ण दिवस काहीच खाल्ले नाही तर जुने खाद्य पुढे करावे आणि पशुवैद्यांना कळवावे. झटका चालू असताना, मांजर दुखण्याने बेजार असताना खाद्य बदलायला घेऊ नये, कारण त्या वेळच्या वेदनेशी ते नव्या खाद्याची सांगड घालते आणि पुढे त्याला तोंड लावत नाही. स्ट्रुव्हाइट विरघळवण्याचा आहार किती लवकर सुरू करायचा हे मात्र पशुवैद्यांनीच ठरवावे.

गुठळी होणारे लिटर वापरत असाल तर आहाराचा परिणाम घरातच मोजता येतो. रोज सफाई करताना लघवीच्या गुठळ्या किती आणि केवढ्या हे एका वहीत लिहावे, शेजारी दिलेल्या खाद्याचे आणि पाण्याचे प्रमाण लिहावे आणि आठवड्याला एकदा वजन. निरोगी मांजर दिवसाला साधारण दोन ते चार वेळा लघवी करते. आहारात पाणी वाढले की गुठळ्या मोठ्या होऊ लागतात, आणि हे शुभ लक्षण आहे. एकाएकी पुष्कळ बारीक गुठळ्या दिसू लागल्या तर तो दाहाचा इशारा समजावा, आणि गुठळ्याच दिसेनाशा झाल्या तर तुंबण्याचा. खाद्य बदलल्यावर तीन-चार आठवड्यांनी लघवीची तपासणी करून घनता आणि पीएच पाहावा, आणि सोबत ती वही न्यावी. ऑक्झलेटचा खडा एकदा झालेल्या मांजराचा एक्स-रे दर तीन ते सहा महिन्यांनी काढण्याचा खर्च टाळू नये, कारण खडा अगदी लहान असतानाच सापडला तर, विशेषतः मादीत, तो शस्त्रक्रियेशिवाय मूत्रमार्गावाटे धुऊन काढता येतो.